परभणीच्या पोरांचं मशीन

सरकारी टायपिंगच्या परीक्षेला मशीन आपलं आपण न्यायचं असे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची, केंद्र गावातल्या एखाद्या शाळेत. शाळेत बाकं असत, टाइपरायटर कुठून असणार? मग गोदरेजची नाहीतर रेमिंग्टनची ती लोखंडी धुडं इन्स्टिट्यूटमधून उचलायची आणि ऑटोत, हातगाड्यावर, केंद्र जवळ असेल तर सरळ खांद्यावर टाकून परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचवायची. एकेकाचं वजन पंधरा किलोच्या आसपास. पोरगं मशीन बाकावर ठेवायचं, हात झटकायचं, बोटं मोडायचं आणि कागद घालून बसायचं. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा आधी, चाळीसची नंतर. प्रमाणपत्र हातात पडलं की कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट, कुठेही लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता यायचा.

मी या धंद्यात १९८० च्या दशकात आले. आधी शिकायला, मग शिकवायला. नानलपेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आमची मशीनं ओळीनं मांडलेली असत. सकाळी सहाला पहिली बॅच, रात्री नऊला शेवटची, प्रत्येक बॅच एका तासाची. पूर्णेची पोरं पॅसेंजरनं येत, मानवत-पाथरीची एसटीनं. भारतात बनलेला पहिला टाइपरायटर गोदरेजनं १९५५ मध्ये बाजारात आणला, पण तो घेत असत कचेऱ्या आणि आमच्यासारखे क्लासवाले. विद्यार्थ्यानं स्वतःचं मशीन घ्यावं, असा विचारही कुणाच्या घरात होत नव्हता. महिन्याची फी भरायची आणि रोजचा एक तास आपला.

तरी निवड होतीच. ओळीतलं कुठलं मशीन घ्यायचं, यावरून पोरं दहा मिनिटं आधी येऊन जिन्यावर थांबत. एखाद्याची रिबन नवी असे, एखाद्याचं कॅरेज सरकताना अडखळे, एखाद्या मराठी मशीनवर वेलांटी अक्षरावर न बसता शेजारी जाऊन पडे. चांगलं मशीन मिळालं तर दोन-चार शब्दांचा फरक पडे, त्याहून जास्त नाही. वेग होता तो बोटांचा. घाई केली की दोन दांड्या वर जाऊन एकमेकींत अडकत, हातानं सोडवाव्या लागत आणि तेवढ्यात पाच शब्द गेलेले असत. म्हणून मी फूटपट्टीनं टेबलावर ठेका धरायची आणि वर्ग त्या ठेक्यावर चालायचा. ज्याचा ठेका सम, त्याचा वेग जास्त. आज मुलं माझ्याकडे येऊन "मॅडम, फास्ट लॅपटॉप सांगा, पण स्वस्तातला" म्हणतात, तेव्हा मी हा हिशेब मनात धरूनच उत्तर देते. मशीनचा वेग किती लागतो, हे त्या मशीनवर बसणाऱ्याच्या कामावरून ठरतं, दुकानातल्या स्टिकरवरून नाही.

टायपिंगला परभणीत एवढी मागणी असण्याचं आणखी एक कारण होतं. १९५६ मध्ये इथे कृषी महाविद्यालय आलं आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. एम. एस्सी. अॅग्रीच्या प्रत्येक मुलाला प्रबंध लिहावा लागतो, आणि तो प्रबंध म्हणजे पानंच्या पानं तक्ते. कोणत्या वाणाला कोणती खतमात्रा दिली, झाडाची उंची किती भरली, बोंडं किती लागली, सरासरी काय आली. टाइपरायटरवर तक्ता बसवणं हे वेगळंच कसब. रकान्यांच्या जागा आधी मोजून टॅब लावायचे, आकडे दशांशचिन्हाच्या खाली दशांशचिन्ह येईल असे मारायचे, मध्ये कार्बन घालून तीन-चार प्रती काढायच्या. एक आकडा चुकला की सगळ्या प्रतींवर खोडरबर. विद्यापीठाच्या आसपास हे काम करणाऱ्या टायपिस्टांची घरं त्यावर चालली. मार्गदर्शकांनी दुरुस्ती सांगितली की पान पुन्हा पहिल्यापासून मारायचं आणि त्याचे पैसे मुलानंच द्यायचे. गरीब मुलाला प्रबंध लिहिण्यापेक्षा तो टाइप करून घेणं महाग पडे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून विद्यार्थ्याकडे स्वतःचं मशीन असावं या मताची मी पहिल्यापासून आहे.

कॉम्प्युटर परभणीत नव्वदच्या दशकात आले, पण घराघरांत त्यांचं नाव पोचवलं ते एमएस-सीआयटीनं. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, हा कोर्स सुरू झाला आणि पुढे सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला. आम्हीही माडीवरची अर्धी मशीनं हलवून तिथे असेम्बल केलेले कॉम्प्युटर मांडले. जाड काचेचे मॉनिटर, जमिनीवर सीपीयू, खाली पायाशी यूपीएस. पोरं चपला बाहेर काढून आत येत, कारण धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो अशी सगळ्यांची खात्री होती. फी पुन्हा कोर्सची, मशीन पुन्हा क्लासचं. सायबर कॅफेतही तेच, तासाचे पैसे.

आणि मग वीज गेली. २००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्यानं जे भारनियमन सोसलं, त्याची आठवण आजही अंगावर येते. गावाकडे दिवसाचे दहा-बारा तास लाइट नसे. परळीचं औष्णिक केंद्र गंगाखेडपासून हाकेच्या अंतरावर, तरी आमची गावं अंधारात. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं. क्लासच्या बॅचेस आम्ही भारनियमनाच्या वेळापत्रकावर बेतायचो. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरे, तेवढ्यात फाइल सेव्ह करायची आणि उठायचं. लॅपटॉप ही चीज परभणीच्या पोराला पहिल्यांदा हवीशी वाटली ती यामुळे. पुण्याच्या पोराला तो बॅगेत घालून फिरता येतो म्हणून हवा होता, आमच्याकडे तो लाइट गेल्यावरही चालू राहतो म्हणून. बॅटरी हा आमच्या निवडीतला पहिला निकष होता.

स्वस्त लॅपटॉपचं स्वप्नही त्याच काळात जगभर रंगलं. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. तो हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप भारतात पहिल्यांदा आला तो आपल्याच महाराष्ट्रात, २००७ मध्ये, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत. शंभर डॉलरची किंमत मात्र कधी साधली नाही, ती दोनशेच्या जवळ गेली. त्याच वर्षी आसुसचा ईई पीसी निघाला, सात इंची पडद्याचा. २००८ च्या सुरुवातीला एचसीएलनं मायलीप आणला. त्यातलं सगळ्यात स्वस्त, सात इंची पडद्याचं आणि लिनक्सवर चालणारं मॉडेल चौदा हजारांच्या आत मिळत होतं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी आकाश टॅबलेटचं उद्घाटन केलं. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बोटानं जोरात दाबल्याशिवाय न उमटणारा पडदा. स्वस्त होतं, पण त्यावर अभ्यास होईल असं मशीन नव्हतं ते. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. गरिबाच्या मुलाला कमी चालणारं मशीन दिलं की त्याला तंत्रज्ञान दिलं असं म्हणता येत नाही.

आता एक हिशेब मांडते. परभणी जिल्ह्यात पैसा दिवाळीनंतर येतो, सोयाबीन आणि कापूस विकल्यावर. लॅपटॉप त्यातूनच घेतला जातो, म्हणून मी त्याची किंमत कापसात मोजते. २००८-०९ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये होता. चौदा हजारांचं ते सात इंची मशीन म्हणजे साधारण साडेचार-पावणेपाच क्विंटल कापूस. २०२५-२६ मध्ये हमीभाव ८,११० रुपये होता. त्या वर्षी विद्यार्थ्याला पुरेसा होईल असा नवा लॅपटॉप, आय-थ्री किंवा रायझन थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, अडतीस हजारांच्या आसपास धरला तर पुन्हा साडेचार-पावणेपाच क्विंटलच. सतरा वर्षांत कापसातली किंमत जागची हलली नाही. हललं ते एवढंच, की तेवढ्याच कापसात आता खरंखुरं काम करणारं मशीन येतं.

पण ते पाच क्विंटल म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. जायकवाडीच्या कालव्याखालची जमीन सोडून द्या. जिंतूरच्या माळावर, पालमकडच्या हलक्या रानात कोरडवाहू कापूस एकरी पाचेक क्विंटल निघाला तर वर्ष ठीक गेलं म्हणायचं. म्हणजे एक लॅपटॉप हा एका एकराचं अख्खं पीक आहे, बियाणं-खत-फवारणी-वेचणीचा खर्च वजा न करता. शिवाय सगळ्यांनाच हमीभाव मिळतो असंही नाही. नड असलेला माणूस खरेदी केंद्राची वाट पाहत नाही, व्यापारी देईल त्या भावाला घालतो. म्हणून लॅपटॉपची निवड चुकली की एका वर्षाची मेहनत चुकते. मी या विषयात एवढी का गुंतते, असं माझी सून विचारते. याचसाठी.

विद्यापीठातला एक एम. एस्सी.चा मुलगा, जिंतूर तालुक्यातला, काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. लॅपटॉप नवा कोरा, पडद्यावरची प्लास्टिकची फीतही काढलेली नव्हती. पेटीवर ठळक अक्षरांत '१ टीबी'. वडिलांनी कापूस घालून घेऊन दिला होता. त्यावर वर्डची फाइल आणि एक्सेलचा तक्ता एकत्र उघडले की सगळं थिजायचं. ओपीस्टॅट या वेबसाइटवर आकडेमोड करायला ब्राउझर उघडला की गेलंच. तो म्हणाला, "मॅडम, विकून टाकू का?"

आम्ही तो टेबलावर पालथा घातला. खालचे बारीक स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवले, कडेनं जुनं एटीएम कार्ड फिरवून झाकण उचललं. आत उजव्या हाताला अडीच इंची हार्डडिस्क होती, पत्त्यांच्या कॅटाएवढी. तिच्यावरच छापलेलं होतं, मिनिटाला ५,४०० फेरे. प्रत्येक फाइल उघडताना त्या डिस्कला फिरून योग्य जागा समोर आणावी लागते आणि वाचणाऱ्या काट्याला तिथवर सरकावं लागतं. विंडोज दहाला एका वेळी शेकडो बारीक फाइली लागतात, म्हणजे तेवढ्या वेळा ही सरकासरक. रॅम ४ जीबी. ती भरली की उरलेला भार विंडोज त्याच डिस्कवर टाकतं, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर दुप्पट काम. आम्ही ती डिस्क काढली आणि त्याच जागी तेवढ्याच आकाराची २५६ जीबीची एसएसडी बसवली. ती दोनेक हजारांना मिळाली. रॅमची दुसरी खाच रिकामी होती, तिथे ४ जीबीची पट्टी घातली. विंडोज नव्यानं टाकलं. आधी चालू व्हायला चार-पाच मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहिला. प्रोसेसर तोच, साधा सेलेरॉन. त्या मुलाचा पूर्ण प्रबंध त्यावर झाला.

तेव्हापासून मी दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगते. '१ टीबी' हा आकडा मोठा दिसतो म्हणून विकला जातो. विद्यार्थ्याला लागते एसएसडी, मग ती २५६ जीबीची का असेना, आणि ८ जीबी रॅम. रॅम मदरबोर्डवर डाखलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही, हे विचारून घ्यायचं. आणि 'ईएमएमसी' असं लिहिलेलं दिसलं तर ती मोबाइलच्या जातीची साठवण आहे, एसएसडी नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं. प्रोसेसरचा क्रमांक त्यानंतर येतो. इंजिनिअरिंगच्या मुलाला ऑटोकॅड चालवायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रोसेसरवर पैसे घालावेत. पण कृषीचा, कॉमर्सचा, एमपीएससीचा विद्यार्थी गेमिंगचा लॅपटॉप घेतो, तेव्हा तो मे महिन्यात ४४ अंशांत पंख्याचा आवाज ऐकण्यासाठी पैसे देतो.

नव्यासाठी पैसे नसतील तर आमच्याकडे एक जुनी वाट आहे, सिकंदराबादची. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होती. मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज लाइन निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास टाकली गेली आणि परभणीची पेठ तिच्यावर वाढली. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, कोर्टकचेरी, सगळ्यासाठी आमचे वाडवडील पूर्वेकडे जात. संस्थान गेलं, गाडी राहिली. आजही रात्री परभणीला गाडी धरली की सकाळी सिकंदराबाद. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटर आहे, सगळे त्याला सीटीसी म्हणतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, तशी ही हैदराबादची कॉम्प्युटरची पेठ. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभा राहिला, हायटेक सिटी वाढली, आणि तिथल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप ढिगानं काढून टाकू लागल्या. ते लिलावात निघतात, साफ होतात आणि अशा पेठांत येऊन विकले जातात.

या मशीनांची घडण दुकानातल्या स्वस्त नव्या मशीनांपेक्षा कितीतरी मजबूत. लेनोवोचा थिंकपॅड टी-४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी-फाइव्ह, तिन्ही बहुतेक आठव्या पिढीच्या प्रोसेसरची, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत वीस हजारांच्या आतबाहेर मिळालेली. म्हणजे अडीच क्विंटल कापूस. टी-४८० ला दोन बॅटऱ्या असतात, त्यातली एक बाहेरून काढून बदलता येते. भारनियमन सोसलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पण जुनं घेताना डोळे उघडे हवेत. तिथे जाणाऱ्या मुलांना मी सांगून ठेवते: काउंटरवर मशीन हातात आलं की आधी नोटपॅड उघड आणि ए-एस-डी-एफ पासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी बटणं मार. टाइपरायटरचा मार तपासत होतो तसंच. एखादं बटण दोनदा उमटत असेल तर खालची पट्टी गेली. मग पडदा पूर्ण मागे नेऊन बिजागरी करकरते का ते पाहा. मग पॉवरसीएफजीची आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढ. कारखान्यातून निघताना बॅटरीची क्षमता किती होती आणि आता पूर्ण चार्ज केल्यावर किती भरते, हे दोन्ही आकडे त्यात असतात. दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून माग. शेवटी बायोस उघडून बघ. आधीच्या कंपनीचा पासवर्ड त्यावर राहिला असेल तर ते मशीन कितीही देखणं असो, तिथेच ठेवून ये.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली, तेव्हा ज्यांच्या घरी काहीच नव्हतं त्यांचं काय झालं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तीन भावंडांत एक मोबाइल, आणि तोही बाप शेतात घेऊन जायचा. सीईटी त्याआधीच, २०१९ पासून, कॉम्प्युटरवर गेली होती. तलाठ्याची परीक्षाही ऑनलाइन. ज्या मुलाला माउसची सवय नाही त्याचा वेळ तिथेच जातो, उत्तर येत असूनही. गोदरेजनं टाइपरायटर बनवणं २००९ मध्ये थांबवलं आणि सरकारी टायपिंगची परीक्षाही पुढे कॉम्प्युटरवर आली. वेग मात्र तीस आणि चाळीसचाच राहिला आहे. तिथे आय-सेव्हनवाल्याला आणि सेलेरॉनवाल्याला एकच घड्याळ.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज दहाचा नियमित पाठिंबा संपवला. विंडोज अकरा इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या मशीनांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले लॅपटॉप बाजारात पडून आहेत आणि त्यांचे भाव उतरले आहेत. विंडोजच हवं असेल त्यानं ते घेऊ नयेत, आठवी पिढी किंवा त्यापुढचंच घ्यावं. पण ज्याच्याकडे दहा-बारा हजारांपलीकडे काही नाही, त्याला मी ते घ्यायला सांगते आणि त्यावर लिनक्स मिंट टाकून देते. लिबरऑफिस आहे, मराठी युनिकोडमध्ये लिहिता येतं, कृषीच्या मुलांना लागणारं आकडेवारीचं सॉफ्टवेअर 'आर' आहे, ब्राउझर आहे. दोन दिवस पोरं बिचकतात. मेनू कुठे, डाउनलोड कुठे गेलं, असं विचारत राहतात. तिसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. मी मशीन हातात देताना एकच अट घालते: संध्याकाळी तासभर येऊन पडद्याकडे बघत, बटणांकडे न बघता, तीस शब्दांचा वेग आणून दाखवायचा.